दरवानबाई

बाई भाषांतर करत होत्या आणि मध्येच मामांचा हात थांबला. एवढंच झालं. चहा संपलेला कागदी कप ते मघापासून बोटांत गोल गोल फिरवत होते, बाईंकडे बघत, हसत, मान डोलवत. आणि बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो कप फिरायचा थांबला. चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथंच होतं. पालकसभेच्या दिवशी बाकावर बसलेल्या एका माणसाचा हात थांबला, यात काय एवढं, असं कुणीही म्हणालं असतं. बाईही म्हणाल्या असत्या. पण अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तसं त्यांना स्वतःच्याच वाक्यात झालं, आणि पुढचा शब्द तोंडाशी असूनही त्या गप्प झाल्या.

तोवर सगळं कौतुकाचंच चाललं होतं. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, वरच्या फ्रेंचच्या वर्गात, आणि त्या वर्गातही सगळ्यांत पुढे. समोर तिची आई, शेजारी आईचा धाकटा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये मुलगी, हात मांडीवर ठेवून. वडील बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने पाण्यावर, म्हणून सभेला मामा. गेल्या वर्षापासून ते बहिणीकडेच राहायला आलेत, घराला आधार म्हणून. विषय त्यांनीच काढला. ही फ्रेंचमध्ये काय काय बोलते हो बाई, घरी विचारलं तर तोंडाला कुलूप, आम्हालाही कळू द्या की जरा. असं कुणी विचारलं की बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी मागच्या भिंतीवरची पुठ्ठ्याची इमारत दाखवली, तिच्यातली अगदी वरची, छपराखालची खिडकी दाखवली, आणि तुमची मुलगी वर्षभर तिथं राहणारी म्हातारी झालीय, असं सांगितलं. मग राहवेना, म्हणून परवाच्या तासाला ती म्हातारी काय बोलली तेही आपल्या भाषेत करून सांगितलं: "दिवे गेले की जिन्यावर पावलं येतात. कुणाची ते मी विचारत नाही, ती माझ्या ओळखीची आहेत. माझ्या दाराशी येऊन थांबतात. मी दाराला खुर्ची लावते आणि त्या खुर्चीशी बोलत बसते, म्हणजे आत दोघं आहोत असं वाटावं..." इथं तो कप थांबला होता.

आई मात्र खळखळून हसली. "अगंबाई, म्हणजे आमच्या घरचंच की हे. हीपण दाराला खुर्ची लावून झोपते. नवीकोरी खुर्ची, पाय खिळखिळा करून ठेवला तिचा. शेवटी मागच्या आठवड्यात याला सांगून खोलीची आतली कडीच काढून टाकली. अभ्यास करते का मोबाईल बघत लोळते, कळायला नको?" मामांनी कप बाकावर उपडा ठेवला. मग अगदी मऊ आवाजात, बाईंकडे नव्हे तर भाचीकडे बघत विचारलं, "छान आहे गोष्ट. पुढं काय होतं म्हातारीचं?" मुलगी मामांकडे वळली नाही. ती बाईंकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, पाणी नव्हतं, आता काय करायचं असा प्रश्नही नव्हता. झालं, एवढंच होतं. मग आई उठली, अजून गणिताच्या आणि विज्ञानाच्या सरांना भेटायचं होतं, खाली हॉलमध्ये रांग असेल. मामा येतो म्हणाले, बाईंना हात जोडले, आणि तिघं दाराबाहेर गेली. बाकावर उपडा कप राहिला.

त्या इमारतीचं असं आहे. वर्षाच्या सुरुवातीला बाई वर्गाच्या मागच्या भिंतीवर खोक्यांचा पुठ्ठा जोडून तिकडच्या एखाद्या जुन्या शहरातली असावी तशी इमारत उभी करतात, उघडझाप होणाऱ्या खिडक्यांची, आणि वर्गातल्या प्रत्येकानं तिच्यात एक बिऱ्हाड करायचं. नवं नाव, नवं वय, नवा धंदा, नव्या खोडी. मग वर्षभर त्या माणसाच्या तोंडून बोलायचं, त्याच्या पोटानं भुकेलं व्हायचं, त्याच्या शेजाऱ्यांशी भांडायचं. यंदा तळमजल्यावर एक बेकरीवाला आहे, त्याच्यावर रक्त बघून चक्कर येणारा दातांचा डॉक्टर, त्याच्या वर एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बहिणी. आणि खाली, मुख्य दाराशेजारच्या खोलीत स्वतः बाई. तिकडच्या जुन्या इमारतींत अशी एक बाई असते. तिच्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या, सगळ्यांचं टपाल, कोण कधी आलं, कोण कुणाबरोबर गेलं याची बित्तंबातमी. मुलांनी तिचं दरवानबाई करून टाकलं, आणि ते नाव वर्गाबाहेर, शिक्षकांच्या खोलीत, पार शिपायापर्यंत पोचलं. बाईंना ते आवडायचं. त्यांच्या वर्गाला एकच कायदा होता आणि तो दगडावरची रेघ होता: उंबऱ्याच्या आत घरची भाषा नाही. चुकून एक शब्द जरी निघाला तरी बाहेर जायचं, दार वाजवायचं, आणि नव्यानं आत यायचं. शिंकलात तरी फ्रेंचमध्ये शिंका, अशी मुलं एकमेकांची टिंगल करत. पण वर्षाअखेर बाहेरचा परीक्षक येई तेव्हा न चुकता विचारी, ही पोरं तिकडं राहून आलीत का हो. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, नव्या पालकांना शाळा दाखवताना आधी ही भिंत दाखवत.

आता समोर बेकरीवाल्याचे वडील बसले होते. मुलगा फ्रेंचमध्ये पाव भाजतो पण घरी गॅस लावता येत नाही, असा विनोद त्यांनी केला आणि बाई वेळेवर हसल्या. डोळे त्यांच्या चेहऱ्यावर होते आणि कान भलत्याच ठिकाणी. म्हातारीचं एकेक बोलणं परत ऐकू यायला लागलं होतं, आणि गंमत अशी की ते आत्ता पहिल्यांदाच ऐकू येत होतं. हिवाळ्याच्या सुमाराला म्हातारी सांगायला लागली होती की खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायला आलेत, फार सभ्य, सगळ्यांच्या पिशव्या उचलून देतात, सगळे त्यांना चांगलं म्हणतात. इमारतीच्या यादीत असा कुणी भाडेकरू नव्हता. बाईंनी तेव्हा दरवानबाईच्या करवादल्या आवाजात दटावलं होतं, की माझ्या इमारतीत माझ्या नकळत कुणी राहतच नाही, आणि सगळा वर्ग हसला होता. म्हातारीही हसली होती बहुतेक. मग एकदा ती म्हणाली, पावलांची भीती नाही वाटत, पावलं थांबतात तेव्हा वाटते. ते ऐकून वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. बाईंनी सगळ्यांना थांबवून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं होतं, कारण त्याची लय फार सुरेख साधली होती, आणि मुलीनं ते पुन्हा म्हटलं होतं, मग बाईंच्या सांगण्यावरून आणखी एकदा, शेवटचा स्वर जरा खाली ठेवून. "सुरेख," बाई म्हणाल्या होत्या. भर वर्गात, सगळ्यांच्या देखत, एक मुलगी त्यांना सांगत होती आणि त्या तिचे स्वर ठीकठाक करत होत्या.

भाषा शिकवणाऱ्याला हा रोगच जडतो. समोरचा काय बोलतोय त्याच्या आधी कसं बोलतोय ते ऐकू येतं. बाईंचे यजमान सुरुवातीला चिडायचे, की तू माझं ऐकत नाहीस, तपासतेस. आताशा त्यांनी नाद सोडला होता आणि ते बातम्यांशी बोलत. पण बाईंना ही भाषा काही तपासण्यासाठी सुचली नव्हती. त्या लहान होत्या तेव्हा घर दोन खोल्यांचं आणि माणसं घरभर. दार होतं ते एकच, रस्त्यावर उघडणारं. मनात आलेलं तोंडावर यायच्या आत कुणीतरी वाचायचं, मोठा भाऊ नक्कल करायचा, आत्या त्याची गोष्ट करून शेजारी सांगायची. मग शाळेत ही भाषा आली, आणि एक दिवस ओट्यापाशी भांडी विसळताना त्या पुटपुटल्या, मला इथून जायचंय, आणि कुणीही मान वर केली नाही. तो आनंद अजून अंगावर येतो. भर माणसांत, मोठ्यानं, आणि कुणालाच नाही. आजीला वाटायचं पोर जप करते. घराला नसलेली कडी त्यांनी त्या भाषेची करून घेतली होती, आणि वर्षानुवर्षं आत सुखानं राहिल्या होत्या. घरच्यांना न कळणाऱ्या भाषेत माणूस काय ठेवतं, हे इतर कुणाला नाही तरी त्यांना कळायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बेकरीवाल्याचे वडील विचारत होते, पुढं या विषयात काही भवितव्य आहे का, आणि बाई म्हणाल्या, हो, भरपूर आहे.

आणि मग तो दिवस आठवला. तो आठवू नये म्हणूनच की काय, बाईंचं मन इतका वेळ हिवाळ्यात आणि लहानपणात फिरत होतं. इमारत नुकतीच उभी राहिली होती, पुठ्ठ्याला अजून खळीचा वास होता, बिऱ्हाडं वाटून व्हायची होती. तास सुटला, मुलं गेली, आणि ही एकटी मागं राहिली. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून टेबलापाशी आली आणि घरच्या भाषेत म्हणाली, "बाई, मला तुम्हाला जरा..." बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. रागानं नव्हे, हसून. भुवया उंचावून दाराकडे खूण केली: बाहेर जा, वाजव, नव्यानं ये. मुलगी गेली. खरंच गेली. दार वाजवलं, आत आली, आणि उभी राहिली. तेव्हा तिची फ्रेंच लंगडी होती. बाई थांबल्या, त्यांचा धीर शाळेत प्रसिद्ध होता, शब्द शोध, मी आहे, असं तोंडभर हसू घेऊन त्या थांबल्या होत्या. मुलीचे ओठ हलले, पुन्हा मिटले, आणि शेवटी ती फ्रेंचमध्ये म्हणाली, काही नाही, मॅडम. बाईंनी तिचा उच्चार सुधारला. पुढच्या तासाला तिनं वरची खोली मागून घेतली, आणि मला म्हातारी व्हायचंय म्हणाली. सतराव्या वर्षी मुली नट्या होतात, चोरट्या हेर होतात. ही म्हातारी झाली, याचंही बाईंना कौतुकच वाटलं होतं. तेव्हापासून ती आठवड्यातून एकदा तरी तास सुटल्यावर येई आणि एखादा शब्द मागे. कडीला काय म्हणतात. बिजागरी करकरते ते कसं सांगायचं. श्वास रोखून धरणं. झोपेचं सोंग घेणं. तिला जे सांगायचं होतं त्याला लागणारे शब्द तिनं बाईंकडूनच एकेक करून नेले होते, आणि बाईंनी ते देताना दर वेळी तिची पाठ थोपटली होती.

असं असलं तरी माणूस स्वतःला सहजासहजी दोषी धरत नाही, आणि समोरच्यालाही नाही. बाईंनी स्वतःशी वाद घातला. गोष्ट ती गोष्ट. याच बेकरीवाल्यानं गोष्टीत दोनदा आपलं दुकान जाळलं होतं आणि त्याचे हे वडील समोर ठणठणीत बसले होते. एका कपावरून, हात थांबला एवढ्यावरून, एखाद्या माणसाबद्दल मनात काय काय आणायचं? मामा तर सगळ्या शाळेचे मामा. स्नेहसंमेलनात स्टेजवरचे दिवे गेले तेव्हा तेच शिडीवर चढले होते, शिक्षकांच्या खोलीतला पंखा त्यांनीच करून दिला होता, मोठ्या बाई त्यांना नावानं चहा विचारत. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करून चालणार नाही, एका मुलीच्या घराचा प्रश्न आहे. सोमवारी समुपदेशक बाई येतात, त्यांच्या कानावर घालू, त्या रीतसर विचारतील. हा विचार इतका शहाणपणाचा होता की बाईंना क्षणभर बरं वाटलं. पण खुर्ची होती. खुर्ची गोष्टीत नव्हती, घरात होती, तिचा पाय खिळखिळा झाला होता. आणि कडी काढणारा हात तोच होता जो मघाशी थांबला.

आणि मग जी गोष्ट खरी होती ती ध्यानात आली. आज दुपारपर्यंत त्या माणसाला ठाऊक नव्हतं. वर्षभर ही पोरगी जगाच्या पाठीवर एकाच खोलीत, एकाच भाषेत, मोठ्यानं बोलत होती, आणि घरी जाऊन तोंडाला कुलूप लावत होती. ते कुलूप मुकेपणाचं नव्हतं, शहाणपणाचं होतं. तेवढ्यावर ती टिकून होती. बाईंनी ते आज स्वतःच्या हातानं, हसत हसत, वाक्यांचा डौल सांभाळून उघडून दिलं होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आता त्याला माहीत झालं की ही बोलते. आणि हीही बघत होती की त्याला माहीत झालं. पुढं काय होतं म्हातारीचं, असं त्यानं विचारलं होतं, आणि ते बाईंना विचारलं नव्हतं. सोमवार फार लांब होता. घरी आज रात्र होणार होती आणि दाराला कडी नव्हती.

बेकरीवाल्याच्या वडिलांचं वाक्य अर्ध्यावर होतं. बाई उठल्या. मला क्षमा करा, असं काहीतरी म्हणाल्या, ते कुठल्या भाषेत म्हणाल्या हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. जिन्यावरून उतरताना गुडघा कुरकुरला, हात कठड्यावरून घसरत गेला, आणि डोक्यात एकच चाललं होतं, की गणिताच्या सरांची रांग मोठी असू दे. हॉलमध्ये ती तिघं नव्हती. गणिताचे सर म्हणाले, आत्ताच गेले, मामा काय गंमत करतात हो. दाराशी शिपाई खुर्च्या रचत होता. बाईंनी त्याचा दंड धरला. "मोठ्या बाईंना वर माझ्या वर्गात पाठवा. आत्ताच्या आत्ता. कुणाशीही बोलत असू देत." शिपायानं बाईंचा चेहरा बघितला आणि हातातली खुर्ची तशीच खाली ठेवून तो गेला.

आवारात उन्हं उतरली होती, पालकांच्या गाड्या एकेक करून निघत होत्या. त्यांची गाडी फाटकाजवळ होती. आई पुढच्या सीटवर बसून पर्समध्ये काहीतरी शोधत होती. मामांनी मागचं दार उघडून धरलं होतं, अगदी अदबीनं, आणि मुलीचा एक पाय आत होता. बाईंना धाप लागली होती. काय म्हणायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप दरवानबाईचा तो करवादलेला आवाज आला, फ्रेंचमध्ये: वरच्या मजल्यावरच्या बाई, निघालात का? जाण्याआधी काही हवंय का माझ्याकडून? मुलगी थांबली. बाईंना वाटलं आता ती म्हणेल, काही नाही, मॅडम. त्या दिवसासारखं, फक्त आता उच्चार निर्दोष. त्या शब्दांसाठी त्यांनी मनाची तयारीसुद्धा केली. मुलगी मामांच्या हाताकडे बघत होती, मग गाडीच्या टपाकडे, आणि म्हातारीच्या थकल्या, जरा खरखरीत आवाजात, तिकडच्या म्हाताऱ्या बोलत असतील तशा संथपणे तिनं विचारलं, खाली तुमच्या खोलीत आजच्यापुरती जागा होईल का? वर माझ्या दाराला आता काहीच उरलं नाही. आज सकाळी त्यानं खुर्चीपण नेली. वर्षभरात पहिल्यांदाच ते वाक्य कसं झालं हे बाईंना ऐकू आलं नाही.

मामा हसले. "काय म्हणाली? सांगा की बाई, मघासारखं."

"तोंडी परीक्षेचं विचारतेय," बाई म्हणाल्या. "एक भाग राहिलाय तिचा. मी ठेवून घेते तिला."

भाषांतर म्हणजे इमान, असं त्या दर वर्षी पहिल्या तासाला सांगत. आत्ता खोटं बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. आई वैतागली, आत्ता कशाला, घरी सगळं पडलंय, उद्या नाही का चालणार. बाई म्हणाल्या, परीक्षक लवकर येणार आहेत, इतर विषय राहिले तर चालतील पण हा नाही, मी स्वतः आणून सोडीन. आपण कुठं सोडणार आहोत आणि कुठं नाही, हे अजून त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग गाडीचं दार हळूच लावलं, मुलगी बाहेरच्या बाजूला राहील असं, आणि तेवढ्यानं बाईंचा जीव भांड्यात पडतोय तोच म्हणाले, "थांबतो की आम्ही. घाई कुणाला आहे? ताई, तू बस गाडीत. मी जातो वर यांच्याबरोबर. मागं बसून ऐकेन. तेवढीच भाषा कानावर पडेल."

बाई म्हणाल्या, तास चालू असताना पालकांना वर्गात बसता येत नाही.

"आज तर पालकांचाच दिवस आहे, बाई," मामा म्हणाले.

आईनं गाडीतून हाक मारली, अरे आधी ते एसीचं बघ, आणि मामा खिडकीशी वाकले. तेवढ्यात बाईंनी मुलीचा हात धरला आणि चालायला लागल्या. हात गार होता आणि त्यानं उलट पकडलं नाही. नुसता बाईंच्या हातात राहिला. वर्षभर बाई या मुलीशी रोज बोलल्या होत्या आणि घरच्या भाषेत एक शब्दही बोलल्या नव्हत्या, हे त्यांना जिन्यावर सुचलं. ती भात जास्त खाते की पोळी, तिला भाऊ आहे का, रडली तर कशी रडते, काही माहीत नव्हतं. म्हातारीच्या मांजरीचं नाव मात्र माहीत होतं, आणि तिची संधिवाताची गोळी कधी असते तेही.

वर्गात आता कुणी नव्हतं. बेकरीवाल्याचे वडील निघून गेले होते. बाकावर तो कप तसाच उपडा होता, मागं इमारतीच्या खिडक्या उघड्या होत्या, एक छपराखालची सोडून. बाईंनी दार लोटलं आणि कडीकडे हात नेला. कडी होती, पण भिंतीतला तिचा कोयंडा मागच्या रंगकामात गेला होता आणि त्याची कधी गरज पडली नव्हती. त्या मुलीसमोर आल्या. "बोल," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या वर्गात स्वतःचाच तो आवाज त्यांना परका वाटला. "आता आपल्या भाषेत बोल. जसं येईल तसं. मी ऐकतेय." मुलीनं तोंड उघडलं. नजर सवयीनं दाराकडे गेली, बाहेर जाऊन वाजवून यायचं तिथं, आणि परत आली. पण आवाज आला नाही. आणि बाईंना कळलं की तिच्याजवळ या गोष्टीसाठी आपल्या भाषेतले शब्दच नाहीत. या भाषेत तिनं ते कधी, कुणालाही, एकटीलासुद्धा सांगितलेलं नाही.

खाली जिन्यावर पावलं वाजायला लागली. "मोठ्या बाई असतील," बाई म्हणाल्या. "मी बोलावलंय त्यांना." मुलीनं मानेनंच नाही म्हटलं. तिला विचार करावा लागला नाही. बाईंनीही मग ऐकलं, पावलं जड नव्हती, घाईची नव्हती, घरच्या जिन्यावर असावीत तशी सावकाश होती. मोठ्या बाईंच्या चपला टकटक वाजतात. बाईंनी टेबलामागची आपली खुर्ची ओढली, तिचे पाय फरशीवर कर्कश घासले, आणि ती दारापर्यंत ढकलत नेऊन दाराला टेकवली. आता काय, म्हणून तिच्यावर बसायला निघाल्या. पावलं मजल्यावर आली. वऱ्हांड्यातून आली. दाराशी येऊन थांबली.

"अशी नाही, बाई," मुलगी म्हणाली. घरच्या भाषेत, हलक्या आवाजात, लहान मुलाला बुटाची नाडी शिकवावी तसं. "तिरकी करून पाठ हँडलच्या खाली अडकवायची. नाहीतर सरकते."

आणि बाईंच्या हातातून खुर्ची घेऊन तिनं ती नीट लावली.